अर्धं मापटं

जालना, कार्तिक शुद्ध दशमी, शके १८५८

सौ. प्रेमला हिस अनेक आशीर्वाद.

तू जाफराबादेला भावाकडे गेलीस त्याला या दिवाळीत बराबर एक वर्ष झालं. या वर्षात मी तुला पत्र घातलं नाही, तूही घातलं नाहीस. कचेरीच्या ओसरीवर बसून मी रोज दहा लोकांचे अर्ज लिहितो. कुणाचा बांध कोरला, कुणाची म्हैस कांजीहाऊसात गेली. समोरच्याचं म्हणणं काय हे मला दोन वाक्यांत कळतं. आज मात्र तीन कागद फाडले. आपलं स्वतःचं म्हणणं काय, ते ठरेना. म्हणून नुसती हकीगत कळवतो.

मंगळवारी कचेरीच्या पायऱ्यांवर पडलो. लोकांना सांगितलं, पाय घसरला. घसरला नव्हता. चौथ्या पायरीवर छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं, खाली बसलो आणि बसलो तो आडवाच झालो. उचलायला चार माणसं लागली. त्यातला एक म्हणाला, "पंडितजी, पुढल्या टायमाला बैलं घेऊन येतो." सगळे हसले. मीही हसलो.

स्टेशनाकडे धर्मराज नावाचे डॉक्टर नवीन आलेत. त्यांनी नळी लावून ऐकलं, पायाच्या घोट्यात बोट रुतवून बघितलं. मंग वजन विचारलं. मी म्हटलं, कधी केलं नाही. त्यांच्या काट्यावर माझं काम भागेना, तेव्हा ते मला बाजूच्या सरकी काढायच्या जिनात घेऊन गेले. तिथं कापूस तोलायच्या काट्यावर मला उभं केलं. एकीकडे मी, दुसरीकडे वजनं. तीन मण भरले, वर दोन शेर. हमाल काम सोडून बघायला आले होते.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला औषध न्हाई. तुम्ही आजारी न्हाईत, तुम्ही जास्त आहात. खाणं आवरा अन् रोज चाला. न्हाई तर दोन वर्षं."

दोन वर्षं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एका वेळेला दीड भाकरी, मुगाचं वरण, पालेभाजी, ताक. तूप, साखर, जिलबी बंद. दिवस मावळायच्या आत जेवण. खानावळीत जायचं नाही, घरी शिजवायचं, म्हणजे पोटात काय जातं ते डोळ्याला दिसेल. असं ते म्हणाले.

हे सगळं तुला का लिहून राह्यलो, मला समजत नाही. लठ्ठ नवऱ्याची लाज वाटून बायको गेली, असं गल्लीत बोलतात. मलाही तेच कारण वाटतं, दुसरं सुचत नाही. तसं असेल तर मी आता कमी होणार आहे, एवढं तुला कळावं.

श्रीपती

जालना, पौष शुद्ध षष्ठी

सौ. प्रेमला हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. जाफराबादेशी व्यापार करणाऱ्या रामकिसनच्या दुकानात जाऊन विचारलं, टपाल तिकडून येतं ना? येतं म्हणाला.

आता माझी दिनचर्या कळवतो. पहाटे डाकेचा हरकारा पुंजाराम टपालाची थैली घेऊन राजूरच्या रस्त्याला निघतो. त्याच्या काठीला घुंगरं आहेत, त्या आवाजावर मी उठतो आणि त्याच्या मागं चालतो. पहिल्या दिवशी मोती तलावाच्या पाळीपर्यंत गेलो आणि दगडावर बसलो. धाप अशी की बाजूनं जाणारी बाई थांबून विचारू लागली, कुणाला बोलवू का म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच दगडाच्या पुढे वीस पावलं. पुंजाराम म्हणाला, "पंडित, माझ्यासंगं पळू नका. पळणाऱ्याचं मला म्हाईत हाय, तो चार दिस पळतो. तुम्ही निस्तं चाला. बोलता येईल इतकंच चाला." म्हणून आम्ही बोलत चालतो. आता एक कोस जातो आणि एक कोस येतो.

त्याच्या थैलीत आज हे पत्र असेल. म्हणजे एका कोसापर्यंत मी स्वतःच ते पोचवायला येईन.

वजन दोन मण चौतीस शेर. डॉक्टर म्हणतात, महिन्याला तीन-चार शेर बस, जल्दी करायची नाही.

चालणं जमतं. भूक जमत नाही. तुला म्हणून सांगतो, मागच्या आठवड्यात कचेरीसमोर हलवायाच्या कढईत जिलब्या पडत होत्या आणि मी एका पक्षकाराचं नाव तीनदा चुकीचं लिहिलं. शेवटी कुणी बघत नाही असं पाहून अर्धा शेर घेतल्या आणि वखारीच्या मागं उभ्यानं खाल्ल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. तुला का सांगितलं कुणास ठाऊक.

आणि एक. भूक पोटात लागते असं मी समजत होतो. ती हातात लागते. तिसऱ्या प्रहरी लेखणी धरली की बोटं थरथरतात, ओळ वाकडी जाते. कालच तसं झालं आणि एकदम तुझी आठवण झाली. तू वाढायला वाकलीस की वरणाची वाटी अशीच हलायची, एकदा माझ्या धोतरावर सांडलं होतं. मी ताट सरकवून उठलो होतो. "हातात बळ न्हाई का" असं काहीतरी बोललोही होतो. सरकवलं म्हणतो, पण तू भिरकावलं म्हणशील. त्या दिवसाची आठवण आत्ता कशाला यावी? तुला कशामुळं हात थरथरायचे? थंडीचे दिवस होते वाटतं.

श्रीपती

जालना, फाल्गुन वद्य तृतीया

प्रेमलास आशीर्वाद.

तुझ्या भावाचं कार्ड आलं. भालचंद्ररावांनी चारच ओळी लिहिल्यात. "ताईची प्रकृती उत्तम आहे. आपली पत्रं तिला वाचून दाखवावी लागत नाहीत, ती स्वतः वाचते. आपलं वजन किती उतरलं याच्याशी तिला काही कर्तव्य नाही, असं तिनं सांगायला सांगितलं आहे. कळावे."

मी ते कार्ड चार वेळा वाचलं. वजनाशी कर्तव्य नाही, तर मंग कशाशी आहे? मी एवढं उन्हातान्हात चालून राह्यलो ते कशाकरता? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, हे खरं आहे. पण रोज पहाटे घुंगरं वाजली की डॉक्टर आठवत नाहीत.

स्वयंपाक करतो. हसू नकोस. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरी तव्यातच फुटली. आता टम्म फुगते. चाकवत, तांदुळजा, अंबाडी यांतला फरक कळायला लागला. पीठ मळताना दम लागत नाही. अंगरखा इतका ढिला झाला की शिंप्यानं दोन्ही बाजूंनी वीतभर धरला. कोर्टातले वकील बाजूला घेऊन विचारतात, क्षय तर नाही ना? एक पक्षकार तर उठून दुसऱ्या अर्जनवीसाकडे गेला. म्हणाला, भरल्या अंगाच्या माणसानं लिहिलेला अर्ज पावतो. कमी खाल्ल्यानं माणसाची अब्रू कमी होते हे मला ठाऊक नव्हतं.

आता खरी गोष्ट. आपल्या भांडेवाल्या चतुराबाई अजून येतात. परवा त्या अंगणात भगुणं घासत होत्या आणि आपल्याशीच बोलावं तशा म्हणाल्या, "आता कसं घासायला काही राह्यतं. बाईंच्या टायमाला भगुणं कोरडं ठण राह्यचं."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजे बोटानं पुसून घेतलेलं राह्यचं. खरवडसुदिक न्हाई. मी म्हनायची, बाई, याला घासू काय? त्या हसायच्या."

"का बरं?"

त्यांनी राखेचा हात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "मालक, सात भाकरी व्हायच्या. दोन आईसायेबांच्या, त्या होत्या तवा. पाच तुमच्या."

मी म्हटलं, "मंग ती काय खायची?"

"ते मी काय सांगू? मी भांडेवाली."

मी आत येऊन बसलो. सातातून सात. पोरालाही येतो असा हिशेब आहे, तरी मी पाटीवर लिहून बघितला. चतुराबाई म्हाताऱ्या झाल्यात, चुकत असतील. तुला जेवायला मागं काहीतरी असणारच. भात असेल. माझं तिकडं लक्ष नव्हतं एवढंच. तू एका ओळीत कळव की त्या चुकतात.

श्रीपती

जालना, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी

प्रेमलास.

तू एक ओळही लिहिली नाहीस. याचा अर्थ मी काय घ्यायचा?

मी चालणं सोडलं आहे. पंधरा दिवस झाले. दोन मण बावीसवर आलो होतो. मंग कुंभार पिंपळगावला एका ओळखीच्या देशमुखाकडे लग्नाला गेलो. पंगतीत बसलो, वाढपी पुढं आला, मी "बस" म्हणालो नाही. तो वाढत गेला आणि मी खात गेलो. आजूबाजूचे वाहवा करत होते. "आता दिसले आपले पंडितजी!" म्हणाले. मला बरं वाटलं, खरं सांगतो. चार दिवस तिथंच राहिलो. परत आलो तो दोन मण सत्तावीस. पुंजाराम दारावरून घुंगरं वाजवत जातो, मी पांघरूण ओढून घेतो.

तुला स्पष्ट विचारतो. मी तुला उपाशी ठेवलं असं तुझं म्हणणं आहे का? असेल तर तोंडानं का सांगितलं नाहीस? अकरा वर्षं एका घरात राहिलो. मी काय वाघ होतो? पुरुष आधी जेवतात, बायका मागून जेवतात, हे मी काढलेलं नाही. सगळ्या घरांत तसंच आहे. आणि त्या सगळ्या बायका काय भावाकडे निघून गेल्या?

तू सांगायला हवं होतंस.

हे लिहिलं आणि अर्धा तास बसून राहिलो. पत्र टाकावं की नाही ते ठरेना. काल कचेरीत एक म्हातारा कुणबी आला. माझ्यासमोर उभा राहून मलाच विचारू लागला, "इथं ते जाडे पंडित बसायचे, ते कुठं गेले हो?" मी म्हटलं, "मीच तो." त्याला पटेना. म्हणाला, "न्हाई, ते येगळे होते. लई खेकसायचे." शेवटी मी त्याचा जुना अर्ज काढून अक्षर दाखवलं तेव्हा बसला.

टाकतो पत्र.

श्रीपती

जालना, भाद्रपद शुद्ध नवमी

प्रेमला,

आज घरोघर महालक्ष्म्यांचं जेवण. मला तीन घरचं आवतण होतं, गेलो नाही. पुन्हा चालायला लागलो त्याला दोन महिने झाले. आता पुंजारामबरोबर त्याच्या चौकीपर्यंत जातो, तिथं तो थैली दुसऱ्या हरकाऱ्याच्या हातात देतो. अडीच कोस. परत येताना मी एकटा असतो आणि मंग विचार लागतात.

मागच्या पत्रात मी विचारलं, तू सांगितलं का नाहीस. तू सांगितलं होतंस. ते मला तेव्हाही आठवत होतं. लिहिताना आठवत होतं, तरी तसं लिहिलं. का लिहिलं ते विचारू नकोस. अर्जात जी गोष्ट पक्षकाराच्या विरुद्ध जाते ती आम्ही लिहीत नाही, तीच सवय असेल.

कोठीच्या खोलीची किल्ली माझ्या जानव्याला होती. आई असतानाच म्हणाली होती, कोठी सुनेच्या हाती देऊ नको. मी दिली नाही. रोज सकाळी स्नान झालं की मी स्वतः कुलूप काढून लाकडी मापट्यानं दोन मापटी ज्वारी तुझ्या सुपात ओतायचो, ती तू दळायचीस. आई गेली तेव्हा मी अर्धं मापटं कमी केलं. एक तोंड कमी झालं, असा माझा हिशेब. मी तेव्हा पाच खात होतो की सहा, ते मोजलं नाही. त्या दीड मापट्यात किती होतात ते आज माझ्या हाताला ठाऊक आहे. पाच होतात, आणि वर एक मुटका.

त्याच साली तुला दिवस गेले. चौथा महिना होता. मी किल्ली फिरवत होतो आणि तू दाराशी उभी राहून म्हणालीस, "अर्धं मापटं परत वाढवाल का?" मी म्हणालो, "आई गेली, तोंड कमी झालं, मंग वाढवायचं कशाला?" तू सूप उचललंस आणि गेलीस. तू पुन्हा कधीच मागितलं नाहीस.

सातव्या महिन्यात ती झाली. मुलगी होती. सुईण झुंबरबाई बाहेर येऊन मला म्हणाली, "आईच्याच अंगात काही न्हाई, लेकराला काय देणार?" मला वाटलं, तुझी प्रकृतीच किरकोळ, माहेरचीच. मी असं भालचंद्ररावांना बोलूनही दाखवलं.

ती तासभर होती का? मला आत बोलावलं नाही. मी विचारलंही नाही.

यापुढं काय लिहितात ते मला ठाऊक नाही. अर्जाच्या शेवटी मागणी लिहावी लागते. माझी मागणी काय आहे, तेच कळेना. माफी मागावी तर कुणाकडं, तुझ्याकडं की तिच्याकडं? वजन दोन मण वीस. हा आकडा लिहायची लाज वाटते. जे उतरून राह्यलं ते कुणाचं होतं असं मनात येतं. तरी डॉक्टर म्हणतात, थांबू नका.

श्रीपती

जालना, पौष शुद्ध त्रयोदशी, शके १८५९

प्रेमला,

गेल्या गुरुवारी दुपारी तुमच्या ओट्यावर एक वाटसरू येऊन पाणी पिऊन गेला. डोक्याला पांढरं पागोटं, हातात काठी, धुळीनं भरलेला. तो मी होतो.

बुधवारी पुंजारामबरोबर निघालो ते चौकीवरून मागं फिरलोच नाही. तो ओरडून म्हणाला, "पंडित, कुठं?" मी म्हटलं, "थैलीच्या मागं." राजूरला गणपतीच्या देवळात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीवरून पुढं. मागच्या वर्षी कार्तिकात ज्याला चार पायऱ्या चढवल्या नाहीत तो माणूस सतरा कोस आला. छाती बिलकुल दुखली नाही. वाटेत मी सगळं पाठ केलं होतं, दारात उभं राहून काय बोलायचं ते.

तू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस. मी तुला पटकन ओळखलं नाही. गाल भरलेत तुझे. बांगड्या मनगटावर बसल्यात, पूर्वी कोपरापर्यंत सरकायच्या. मला वाटलं, भालचंद्ररावांच्या घरची दुसरी कुणी पाहुणी असेल. मंग तू वर बघितलंस.

"कोण पाहिजे? दादा शाळेत गेलेत."

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "पाणी."

तू तांब्या आणलास, गुळाचा खडा आणलास. मी पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिलीस आणि विचारलंस, "लांबून आलात वाटतं. जेवण झालंय का?"

"न्हाई."

"मंग बसा ना. ताजं आहे."

ताटात दोन भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. मी म्हणालो, "दीडच पुरे." तू ती अर्धी मोडून घेतलीस. मला वाटलं, टोपल्यात ठेवशील. तू ती हातातच ठेवलीस, उंबऱ्यात बसलीस, आणि माझ्यासमोर खायला लागलीस. मधेच तूर बरी आलीय म्हणालीस, माकडं फार झालीत म्हणालीस. मी हो हो करून राह्यलो. माझं लक्ष तुझ्या हाताकडं. अकरा वर्षांत मी तुला जेवताना पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. तू उजव्या बाजूनं चावतेस हे मला माहीत नव्हतं.

त्याच वेळी नाव सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. एक मन म्हणे, सांग. दुसरं म्हणे, ही या परक्या माणसाशी जितकी बोलली तितकी तुझ्याशी कधी बोलली होती? सांगितलंस की ती गप्प होईल, उठून आत जाईल. मी ताट स्वतः धुतलं, काठी घेतली आणि निघालो. तू म्हणालीस, "जपून जा, ऊन आहे."

आता मी काय केलं ते मलाच उमजत नाही. चोरी केली असं वाटतं. तू अनोळखी म्हणून जे दिलंस ते मी खोट्यानं घेतलं. म्हणून हे कळवतो. परक्याला घास घातलास एवढं समाधान तरी माझ्यामुळं जाऊ नये, पण कळवल्याशिवाय राहवेना.

तब्येत चांगली आहे. पायही बराबर आहेत.

श्रीपती

जाफराबाद, पौष वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप यांस,

पुढं साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण हात पुढं जाईना. म्हणून नुसता नमस्कार.

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिली दोन मी रागानं वाचली, तिसरं वाचून हसले, ज्येष्ठातलं चुलीत टाकलं. भाद्रपदातलं पेटीत आहे.

तुम्ही पाणी मागितलंत तेव्हाच मी ओळखलं. माणूस वाळतो, आवाज वाळत नाही. तोपर्यंत ओळखलं नव्हतं, हे खरं. आत तांब्या भरताना मला सुचेना की रडावं की दार लावावं. मंग ठरवलं, बघू या, नाव सांगतात का. तुम्ही सांगितलं नाही, म्हणून मीही काही सांगितलं नाही. ती अर्धी भाकरी मी मुद्दाम तुमच्यासमोर खाल्ली. माझं जेवण झालं होतं, भूक नव्हती. तरी खाल्ली. तुम्ही गेल्यावर उमावहिनी म्हणाल्या, कोण होते? मी म्हणाले, कुणी वाटसरू. वहिनींशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. तेव्हा चोरीचं म्हणाल तर दोघांची झाली.

तुम्ही विचारलंत, ती तासभर होती का. तासापेक्षा थोडी जास्त होती. डोळे उघडले नाहीत. माझं बोट धरलं होतं. नाव ठेवायला वेळ नव्हता, पण मी मनात ठेवलं आहे. ते तुम्हाला सांगायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

ती उपासमारीनं गेली का, हे मला माहीत नाही. पोटभर जेवणाऱ्यांचीही जातात, शेजारच्या सोनूबाईंची दोन गेली, त्यांच्या घरी दूधदुभतं आहे. झुंबरबाई म्हणाली ते मीही ऐकलं होतं. रोज रात्री मी त्याचा विचार केला आणि दोन वर्षांनी सोडून दिला. मी मागितलं होतं आणि तुम्ही दिलं नाही, एवढंच मला पक्कं माहीत आहे. त्याचं तुम्ही लिहून पाठवलंत. मला वाटलं होतं, ते वाचलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. पण हलला. हे चांगलं की वाईट, मला सांगता येत नाही.

मी जालन्याला परत येणार नाही. इथं मी सकाळी मुलींना वाचायला शिकवते, आठ मुली येतात. कोठी उघडीच असते. दुपारी आम्ही नणंद-भावजय दादाच्या आधी जेवून घेतो, त्याला शाळेत शिकवून यायला उशीर होतो म्हणून. आधी मला घास उतरायचा नाही, कुणी बघेल असं वाटायचं. आता उतरतो. ते सोडून मी येऊ शकत नाही, आणि तुम्ही बदललात का हे सतरा कोसांवरून मला कळत नाही. शेरांवरूनही कळत नाही.

तुम्ही चालणं थांबवू नका. डॉक्टर सांगतात तसंच खा, जिलब्या लपून खाऊ नका.

पुढल्या महिन्यात दादाला सुट्टी आहे, तो घरी असेल. तेव्हा या. दारात उभं राहून आपलं नाव सांगा, मी आत बोलावीन. सगळे एका वेळी जेवायला बसू. त्याच्या पुढचं मला आज काही दिसत नाही आणि तुम्हीही विचारू नका.

पाय बराबर आहेत म्हणून लिहिलंत. ताट धुवायला उठलात तेव्हा टाचेला फोड फुटलेले मी पाहिले, ओट्यावर रक्ताचा ठसा होता, तो मी नंतर पुसला. तेव्हा या वेळी चालत येऊ नका. गाडीनं या.

प्रेमला